महिन्याचा एक शनिवार



मागच्या दिवाळीत मी माझ्या धाकट्या बहिणीला एक सल्ला दिला. तो चुकीचा होता. सल्ले देताना आपण मोठ्याने बोलतो आणि चुकलो की गप्प बसतो, म्हणून या वेळी ठरवलं की चूकही तितक्याच मोठ्याने सांगायची.

माझी भाची पुण्यात कॉम्प्युटर शिकते. पहिलंच वर्ष आहे. महिन्यातल्या एका शनिवारी ती एका गटाच्या सभेला जायची. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी दर महिन्याला ठरल्या दिवशी, ठरल्या जागी जमतात, त्याला ते युजर ग्रुप म्हणतात. सभा दुपारी सुरू व्हायची आणि हॉस्टेलवर परत यायला सात वाजायचे. बहिणीला काळजी वाटली आणि तिने मला मुरुडला फोन केला. मी फराळाच्या गडबडीत होते. एका हाताने चकली वळता वळता म्हणाले, "बंद कर म्हणावं. सगळं मोबाइलवर असतं हल्ली. त्या सभेचे परीक्षेत मार्क थोडेच मिळणार आहेत?"

मुलगी शहाणी आहे. वाद न घालता तिने जाणं बंद केलं.

डिसेंबरच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली. आमच्या सासूबाईंचा चौविहार गेली कित्येक वर्षं चुकलेला नाही. मुरुडला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे उघडीप असेल तेव्हा त्या मागच्या पडवीत उभ्या राहून सूर्य पाण्याला टेकलेला बघतात आणि पाणी पिऊन पच्चक्खाण घेतात. पावसाळ्यात मात्र सूर्य दिसत नाही. मग भिंतीवरचं छापील पंचांग बघायचं, त्यात वेळ मुंबईची. मुरुड मुंबईच्या दक्षिणेला, त्यामुळे काही मिनिटांचा फरक पडतो का, ही शंका त्यांना दर चातुर्मासात येते. भाची म्हणाली, "आजी, मी तुम्हाला मुरुडचीच वेळ काढून देते. छोटासा प्रोग्रॅम आहे, एका संध्याकाळचं काम."

त्या एका संध्याकाळच्या चार रात्री झाल्या. गावाचे अक्षांश-रेखांश तिने बरोबर घातले होते, सूत्रही तपासून घेतलं होतं. तरी कॉम्प्युटर सांगायचा, मुरुडला सूर्य रात्री दीडच्या पुढे उगवतो आणि दुपारी साडेबाराच्या पुढे मावळतो. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मी दुपारचं जेवणही घाईतच उरकायचं का गं?" आम्ही हसलो, ती हसली नाही. मोबाइलवर तिने कितीतरी व्हिडिओ पाहिले. व्हिडिओतला माणूस शिकवत होता ते सगळं बरोबरच होतं, पण हिचं कुठे चुकतंय हे त्याला दिसणार कसं? पाचव्या दिवशी तिने लॅपटॉप मिटला आणि मला म्हणाली, "मावशी, मला वाटतं मी या क्षेत्रासाठी नाहीच."

मैत्रिणींनो, ते वाक्य माझ्या काळजात रुतलं. अठरा वर्षांची मुलगी, चार रात्रींच्या अडचणीवरून आयुष्याचा निकाल लावत होती. आणि जिथे जाऊन ती हे विचारू शकली असती, ते दार मीच चकली वळता वळता लावून टाकलं होतं.

जानेवारीत एका लग्नासाठी पुण्याला जाणं झालं. लग्न रविवारी होतं. शनिवारी दुपारी मी तिला म्हटलं, चल, तुझ्या त्या सभेला मीही येते. काय चालतं ते डोळ्यांनी बघते.

एका संस्थेच्या वर्गात वीस-पंचवीस जण होते. कॉलेजची मुलं, नोकरी करणारे, केस पिकलेले दोघे-तिघे. मुली आणि बायका मिळून पाच, त्यात मी धरून. आधी एकाने अर्धा तास काहीतरी समजावलं, त्यातलं मला काहीच कळलं नाही. मग ज्याला जे दाखवायचं किंवा विचारायचं असेल त्याने पाच मिनिटं पुढे यायचं, अशी पद्धत. एक तिशीचा, नोकरी करणारा माणूस उठला आणि सरळ म्हणाला, "हे मला दोन आठवडे जमत नाहीये." कुणी हसलं नाही. सगळे पडद्याकडे बघायला लागले. ते पाहिलं आणि माझी भाची उठली.

तिने तो रात्री दीडचा सूर्योदय दाखवला. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "उगवतीपासून मावळतीपर्यंत किती तास येतात?" हिने वजाबाकी केली. अकरा तास. बाई म्हणाल्या, "डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांचाच असतो. म्हणजे तुझं गणित बरोबर आहे, घड्याळ वेगळं आहे." भाची क्षणभर थांबली आणि मग कपाळाला हात लावून हसली. अशा गणितात कॉम्प्युटर वेळ मोजतो ती जागतिक वेळ, ग्रिनिचच्या घड्याळाची. भारताची वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. दुपारच्या साडेबारात साडेपाच मिळवा, झाले संध्याकाळचे सहा. चार रात्रींचं दुखणं दोन मिनिटांत गेलं, आणि उत्तर तिचं तिनेच काढलं, बाईंनी फक्त बोट दाखवलं.

एवढ्यावर थांबले असते तरी मी खूश होते. पण पिकल्या केसांच्या एका काकांनी पुढे विचारलं, "सूर्यास्त म्हणजे नेमकं काय धरलंस? सूर्याचा मध्य क्षितिजाला लागतो तो क्षण, की वरची कड बुडते तो?" हिने याचा विचारच केला नव्हता. रीत अशी की वरची कड दिसेनाशी होते तो सूर्यास्त. शिवाय हवेमुळे किरण वाकतात, म्हणून सूर्य क्षितिजाखाली गेल्यावरही आपल्याला थोडा वेळ दिसत राहतो. हे दोन्ही धरलं तर सूर्याचा मध्य क्षितिजाच्या जवळजवळ एक अंश खाली असतो, आणि वेळेत तीन-चार मिनिटांचा फरक पडतो. ज्या घरात सूर्यास्ताआधी पाणी तोंडाला लावून घ्यायचं असतं, तिथे तीन-चार मिनिटं थोडी नव्हेत. हा प्रश्न व्हिडिओला विचारता आला नसता, कारण तो विचारायचा असतो हेच तिला ठाऊक नव्हतं.

परतताना रिक्षात मी तिला म्हटलं, "माझं चुकलं गं." ती म्हणाली, "मावशी, आता पुढच्या महिन्यात मी ज्ञान पाजळणार आहे, बघ."

म्हणून आज माझं मत स्पष्ट लिहिते. आपल्या मुली-सुनांपैकी जी कुणी हे काम शिकते आहे किंवा शिकून घरी बसली आहे, तिला महिन्याची ही एक सभा मिळालीच पाहिजे. आणि जिथे अशी सभा नाही, तिथे ती सुरू करायला आपण बायकांनी जागा द्यायला हवी.

आधी हे समजून घेऊ की ही सभा म्हणजे क्लास नव्हे. आपल्यातल्या कित्येकींनी एमएस-सीआयटी केलं आहे. तिथे शिकवणारा असतो, अभ्यासक्रम असतो, परीक्षा असते, सर्टिफिकेट मिळालं की संपलं. युजर ग्रुपमध्ये शिक्षक नसतो, फी नसते, संपणंही नसतं. ज्याला दोन गोष्टी येतात तो एक येणाऱ्याला सांगतो, आणि पुढच्या महिन्यात उलटंही होतं. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. उपाश्रयात दुपारी बायका स्वाध्यायाला बसतात तेव्हा काय होतं? एकीला अर्थ लागत नाही, दुसरी सांगते, तिसरी शंका काढते, आणि त्या शंकेने सांगणारीलाच नव्याने विचार करावा लागतो. घरी एकटीने पुस्तक वाचणं आणि चारचौघींत बसून वाचणं यात काय फरक आहे, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

या सभांचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. ५ मार्च १९७५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे गॉर्डन फ्रेंच नावाच्या गृहस्थांच्या गॅरेजमध्ये काही हौशी माणसं जमली. घरी जोडता येईल असा आल्टेअर नावाचा कॉम्प्युटर नुकताच बाजारात आला होता आणि तो चालवायचा कसा हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. त्यातून होमब्रू कॉम्प्युटर क्लब उभा राहिला. दर पंधरवड्याला सभा. आधी ज्याला जे हवं असेल किंवा ज्याच्याकडे जे असेल ते त्याने उभं राहून सांगायचं, मग आपापल्या कामाच्या माणसाला गाठून गप्पा मारायच्या. पहिल्या सभेला स्टीव्ह वॉझ्नियाक नावाचा एक लाजरा तरुण आला होता. पुढे त्याने स्वतःचा कॉम्प्युटर जोडला, त्याची आकृती क्लबातल्या लोकांना फुकट वाटली, आणि १९७६ मध्ये ॲपल कंपनी सुरू झाली. गर्दी गॅरेजात मावेनाशी झाली तेव्हा जागा बदलली, पण सभा १९८६ पर्यंत चालू राहिल्या.

आपल्या पुण्यातही पुणे लिनक्स युजर्स ग्रुप, म्हणजे प्लग, हा जुना गट आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी, मॉडेल कॉलनीतल्या सिम्बायोसिसच्या कॉम्प्युटर संस्थेत, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. त्याच संस्थेत 'ग्नूनिफाय' नावाचा मोठा वार्षिक मेळावाही भरत असे. मुंबईत लिनक्सवाल्यांचे, पायथनवाल्यांचे गट आहेत. लिनक्स आणि पायथन दोन्ही मोफत मिळतात, ते वापरायला कंपनीला पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणून विद्यार्थ्यांचे आणि हौशी लोकांचे गट त्यांच्याभोवती जमले.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे ठरलेला दिवस. 'जमेल तेव्हा भेटू' म्हणणारे कधीच भेटत नाहीत. अष्टमी-चतुर्दशी आपण सोयीने ठरवत नाही, ती येते आणि आपण तिच्यासाठी कामं उरकतो. पहिला शनिवार म्हटलं की पहिला शनिवार. वक्ता आला नाही तरी सभा होते, पाच माणसं असली तरी होते. जिला अडचण आहे तिला माहीत असतं, आणखी नऊ दिवस, मग विचारता येईल. त्या नऊ दिवसांच्या भरवशावर ती लॅपटॉप कायमचा मिटत नाही.

आता आक्षेप. सगळे माझेच जुने आहेत, म्हणून मला तोंडपाठ आहेत.

पहिला, सगळं मोबाइलवर आहे. असतं खरं, पण मोबाइलवर उत्तरं असतात, आपल्या चुकीकडे बघणारं माणूस नसतं. आणि मुरुडच्या बायकांनी तर हे म्हणूच नये. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. पत्रे उडाले, पोफळी-नारळी आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नाही, फोनला रेंज नाही. तेव्हा कुणाकडे मेणबत्ती आहे, कुणाकडे डाळ-तांदूळ आहे, हे आपण दारोदार जाऊनच विचारलं ना? मोबाइल आहे म्हणून शेजार सोडायचा नसतो.

दुसरा, मुलीची जात, उशीर, ओळख ना पाळख. काळजी खरी आहे, तिची थट्टा मी करणार नाही. पण काळजी वाटली की आपण 'जाऊ नको' म्हणतो, त्याऐवजी चार प्रश्न विचारावेत. सभा कुठे भरते? भरवणारे कोण? आणखी मुली येतात का? वागणुकीचे नियम लिहिलेले आहेत का? पायथनच्या गटांमध्ये असे नियम लिहून ठेवण्याची पद्धत आहे, कुणी वेडंवाकडं बोललं तर कुणाकडे सांगायचं हेही त्यात असतं. शिवाय खास बायकांसाठीही सोय आहे. २०११ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पायलेडीज नावाचा बायकांचा गट सुरू झाला, त्याच्या शाखा जगभर निघाल्या. २०१४ मध्ये बर्लिनमध्ये दोन तरुणींनी जँगो गर्ल्स सुरू केलं. ज्या बाईने प्रोग्रॅमची एक ओळ लिहिलेली नाही तिच्यासाठी मोफत कार्यशाळा, आणि तिची पुस्तिका इंटरनेटवर फुकट वाचता येते. पहिल्या वेळी आईने, मावशीने सोबत जावं. मी गेले, मला काही झालं नाही.

तिसरा, आपलं खाणंपिणं. हे लहान वाटतं, पण मुली याच कारणाने गप्प बाजूला बसतात. चहाबरोबर बटाट्याचा समोसा येतो. कुठे कुठे सभा संध्याकाळी सातला असते, म्हणजे चौविहार असणारीची पंचाईत. यावर उपाय म्हणजे तोंड उघडून सांगणं. भाची खाकऱ्यांचा डबा घेऊन जाते. पहिल्यांदा एकटीने खाल्ला, आता तिचा डबा तिला मिळत नाही. आणि सभा दुपारी असावी, हे एकीने विचारलं की कळतं, घरी लहान मूल असलेल्या बाईलाही तीच वेळ हवी असते. आपण मागितलेली सोय आपल्या एकटीची नसते.

चौथा, जो कुणी उघड बोलत नाही. लग्न झाल्यावर याचा उपयोग काय? याचं उत्तर आपल्या गल्लीतच आहे. एका घरची सून कॉम्प्युटरची पदवी घेऊन आली. दोन बाळंतपणं झाली, आता दुकानात बिलं करते. मी तिला विचारलं, पुन्हा सुरू करावंसं वाटत नाही का? ती म्हणाली, "काकी, सगळं विसरले. आता कुणाला विचारायलाही लाज वाटते." हुशारीला गंज चढत नाही मैत्रिणींनो, गंज चढतो तो विचारण्याच्या सवयीला. महिन्यातून एकदा जरी तिला तिच्या विषयातलं बोलायला माणसं मिळाली असती, तर ही लाज आली नसती. उद्या मुलं मोठी झाली, घरबसल्या काम घ्यायचं ठरवलं, तर सुरुवात शून्यापासून करावी लागली नसती.

सभांचे दोषही सांगते, नाहीतर मी जाहिरात करते आहे असं वाटेल. बोलणं बरंचसं इंग्रजीत चालतं. काहींना मदतीपेक्षा स्वतःची हुशारी दाखवण्यात रस असतो. बायका कमी, त्यामुळे नवीन मुलगी अवघडते. आणि असे गट बहुधा एका-दोघांच्या खांद्यावर उभे असतात, तो माणूस बदलीवर गेला की सभा बंद पडते. पण यातले बरेचसे दोष आपण गेलो नाही म्हणून टिकतात. बायका कमी आहेत म्हणून मुलींना पाठवायचं नाही, आणि मुली येत नाहीत म्हणून बायका कमी, हे चक्र कुणीतरी मोडायला नको का?

आता मुरुडचं. इथून पुणं म्हणजे एसटीने अर्धा दिवस, अलिबागसुद्धा पन्नासेक किलोमीटर. दर महिन्याला कोण जाणार? म्हणून इथेच जमावं असं माझं म्हणणं आहे. लोक विचारतात, शिकवणार कोण? शिकवणारं कुणी नकोच आहे. मुंबई आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचे छोटे धडे तयार केले आहेत. एकेक धडा दहाएक मिनिटांचा, मोफत, आणि बरेचसे मराठीतून ऐकता येतात. पायथन आहे, लिनक्स आहे, हिशेबाच्या तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस आहे. एक धडा सगळ्यांनी मिळून बघायचा, थांबवत थांबवत स्वतः करून पाहायचा, आणि अडलं की एकमेकींना विचारायचं. चार जणी आणि दोन लॅपटॉप एवढं भांडवल पुरे.

आपल्या मंडळाचा हॉल महिन्यातले कितीतरी दिवस बंद असतो. पंखे आहेत, सतरंज्या आहेत, प्लग पॉइंट आहेत. पाठशाळेच्या मुलांसाठी आपण तो उघडतो, मग यासाठीही उघडावा. आणि फक्त आपल्याच मुलींसाठी नको. कोळीवाड्यातली, बाजारातली, कुठलीही मुलगी आली तर तिला सतरंजीवर जागा असावी. ज्ञानदानाला आपण मोठं दान म्हणतो, मग ते दार बघून करायचं नसतं.

मंडळाचं ठरायला वेळ लागेल हे मला माहीत आहे, म्हणून तोवर आमची पडवी आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी ३ ते ५. दुकानातल्या त्या सुनेला मी बोलावलं आहे. तिने 'बघते' म्हटलं आहे, आणि तिच्या सासूबाईंनी "दोन तास मी बसते गल्ल्यावर" म्हटलं आहे. भाची फोनवरून हजर राहील. येताना प्रत्येकीने एक अडलेली गोष्ट आणायची, उत्तर आणायची गरज नाही. पाचला सभा संपेल म्हणजे संपेल. घरी जाऊन चौविहाराच्या आत निवांत जेवण होईल, आणि त्या दिवशी मुरुडला सूर्य किती वाजता मावळतो हे आमच्या सासूबाई तुम्हाला मिनिटासकट सांगतील.

जय जिनेंद्र.